लेप्याची पाठ कुठली?

मालवण

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

डॉर्सल, व्हेंट्रल, अँटीरियर हे शब्द पाठ होतात आणि प्राणी समोर आला की गोंधळ उडतो, असं तू फोनवर म्हणालास. मग पाठ करूच नकोस. हे शब्द म्हणजे दिशा आहेत. त्या प्राण्याच्या अंगावरून ठरतात, तो ट्रेमध्ये कसा पडलाय यावरून नाही. बांगडा कुशीवर निजवलास तरी त्याची नक्षीची गडद पाठ डॉर्सलच आणि चंदेरी पोट व्हेंट्रलच.

ही गोष्ट पक्की व्हायला बाजारातून एक लेपा, तो चपटा मासा, आण. वरची बाजू तपकिरी, खालची पांढरी, आणि दोन्ही डोळे वर. बहुतेक मुलं तपकिरी बाजूला पाठ म्हणतात आणि तिथेच चुकतात. लेपा पिल्लू असताना इतर माशांसारखाच उभा पोहतो, दोन्हीकडे एकेक डोळा. मग उजवा डोळा डावीकडे सरकत जातो आणि मासा उजव्या कुशीवर आडवा होतो. म्हणजे तपकिरी ती डावी कूस आणि पांढरी ती उजवी. खरी पाठ म्हणजे डोक्यापासून शेपटीपर्यंत लांब पर गेलेली वरची कड. ती बोटाने चाचपून बघ.

दुसरी अडचण माणसामुळे येते. माणूस उभा असतो, म्हणून त्याच्या शरीरशास्त्रात अँटीरियर म्हणजे पोटाची बाजू. चार पायांच्या प्राण्यात तोच शब्द डोक्याच्या दिशेला लागेल. म्हणून बकरी-म्हशीसाठी क्रेनियल आणि कॉडल म्हणतात, डोक्याकडे आणि शेपटीकडे. खुद्द डोक्याच्या भागात क्रेनियलला अर्थ उरत नाही, तिथे नाकाकडची दिशा म्हणजे रोस्ट्रल. पायाला प्रॉक्सिमल म्हणजे धडाजवळचं, डिस्टल म्हणजे खुराकडचं. पुस्तक माणसाचं आहे की जनावराचं, ते आधी बघत जा.

छेद तर तू लहानपणापासून बघतोयस. सुरमईची तुकडी हा ट्रान्सव्हर्स छेद: मध्ये मणका, वर पाठीचं मांस, खाली पोटाची पोकळी. तीच सुरमई डोक्यापासून शेपटीपर्यंत मधोमध उभी चिरून डावा-उजवा भाग वेगळा केला तर तो मिडियन छेद. आणि स्लाइडवर एखाद्या पेशीत केंद्रक दिसलं नाही, तर ‘केंद्रक नाही’ असं लिहू नकोस. आंब्याची कडेची फोड काढली तर तिच्यात बाठा येत नाही, म्हणून आंबा बिनबाठ्याचा होत नाही. छेद जेमतेम ५ मायक्रॉन जाडीचा असतो आणि पेशी बहुधा त्याहून मोठी.

तुझी आतड्याची स्लाइड बिघडली त्याचं कारण मला मायक्रोटोममध्ये, म्हणजे छेद कापायच्या यंत्रात, दिसत नाही. आतलं अस्तर गळून पडलंय म्हणालास, म्हणजे मासा शिळा होता. प्राणी मेला की आतड्यातलीच पाचक द्रव्यं आधी अस्तर खातात, आणि आपल्याकडच्या उकाड्यात त्याला फार वेळ लागत नाही. ट्रॉलरच्या बर्फातला मासा या कामाला नको. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, ओढली जाते तिथे पहाटे जा आणि मासा तडफडत असतानाच घे. आतड्याची अर्ध्या सेंटिमीटरची कडी काप, ०.९ टक्के मिठाच्या पाण्याने हलकेच धू. साध्या पाण्याने पेशी फुगतात. मग लगेच तुकड्याच्या १० ते २० पट १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे ऊती कुजू न देणाऱ्या द्रावणात, टाक, निदान २४ तास. १० टक्के फॉर्मॅलिन म्हणजे बाटलीतलं १ भाग आणि पाणी ९ भाग, त्यात फॉर्मॅल्डिहाइड साधारण ४ टक्केच असतं. एका लिटरला सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ४ ग्रॅम आणि डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम घाल. हा बफर, म्हणजे आम्लता आवरणारे क्षार, नसेल तर द्रावण आम्लधर्मी होतं आणि रक्ताच्या जागी तपकिरी-काळे कण बसतात. हातमोजे घाल, खिडक्या उघड्या ठेव, आणि बाटली खाण्याच्या माशांजवळ नेऊ नकोस.

कल्ले घेशील तेव्हा हाडाची कमान सोडून नुसते तंतू काप. हाड आलं की पात्याला दात पडतात आणि सगळ्या छेदावर रेघा उठतात.

पावसाळ्यात मात्र वेगळाच शत्रू. तुकड्यातलं पाणी काढायच्या ७०, ८०, ९५, १०० टक्के अशा अल्कोहोलच्या पायऱ्या तुला ठाऊक आहेत, पण आपल्या दमट हवेत १०० टक्केचं झाकण उघडं राहिलं की ते हवेतलं पाणी ओढतं. मेणात घालण्याआधी अल्कोहोल काढायला झायलीनमध्ये टाकल्यावर दुधासारखा ढग आला तर समज की पाणी राहिलंय. तसंच पुढे रेटू नकोस. तुकडा परत ताज्या १०० टक्केमध्ये घाल, नाहीतर मेण आतपर्यंत शिरत नाही आणि छेद मधोमध फाटतो.

ऊतींचे चार प्रकार तू शाळेतच शिकलास, त्यावर वेळ घालवत नाही. एवढंच सांगते की फ्रान्सच्या बिशा या शरीरशास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शक न वापरता २१ ऊती मोजल्या होत्या. हाताला काय लागतं आणि डोळ्याला काय दिसतं, त्याकडे त्याचं केवढं लक्ष होतं! म्हणून स्लाइड आधी नुसत्या डोळ्याने उजेडात धर, मग सूक्ष्मदर्शकाच्या ४ पट भिंगाखाली, मग १०, आणि शेवटी ४०.

हिमॅटॉक्सिलीन या रंगाने केंद्रकं निळी-जांभळी होतात, इओसिन या रंगाने बाकीचं गुलाबी. आता आतड्याच्या स्नायूंकडे बघ. आतला थर नळीभोवती गोल फिरतो, बाहेरचा नळीच्या लांबीने जातो. ट्रान्सव्हर्स छेदात आतल्या पेशी लांब चात्यांसारख्या दिसतील आणि बाहेरच्या नुसत्या गोल ठिपक्यांसारख्या. हे उलट दिसलं, तर आतडं लांबीने कापलंय. लेबल नसलेल्या स्लाइडचीही दिशा अशी सांगता येते.

लेबल शिसपेन्सिलीनेच लिही, शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते. गणपतीला येशील तेव्हा नवी स्लाइड घेऊन ये, आपण दोघं बघू.

तुझी,
आई