दारावर दोन आडनावं

बर्लिन, नोव्हेंबर

प्रिय मंजू,

घर मिळालं! किल्लीचा फोटो पाठवला त्यावर तू "फोनवर तू सगळं गाळतेस, नीट लिहून काढ" असं फर्मावलंस, म्हणून आज बसलेच.

सदाशिव पेठेत आपण कॉट बेसिसवर राहायचो, मग लग्नानंतर कोथरूडला जागा बघताना "फॅमिलीच ना? नॉनव्हेज नाही ना?" ही तोंडी परीक्षा दिली. घरमालकांचे सगळे नमुने बघून झाले असं मला वाटायचं. इथला नमुना निराळाच. तोंडाने काही विचारत नाही, कागद मागतो. तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, नोकरीचा करार, पासपोर्टच्या प्रती, आधीच्या मालकाकडे भाडं थकलेलं नाही असा दाखला, आणि शूफा. आपलं सिबिल असतं तसं. पण आपण काल विमानातून उतरलेलो, आपला शूफा काय बोलणार?

त्यात नोंदणीची भानगड. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत सरकारी कचेरीत पत्ता नोंदवायचा, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घर देणाऱ्याच्या सहीचा कागद लागतो. नोंदणी झाली की टॅक्सचा नंबर पोस्टाने त्याच पत्त्यावर येतो. म्हणजे पत्ता नाही तर तू इथे असून नसल्यासारखी. पहिल्यांदा आम्ही फर्निचरसकट थोड्या मुदतीची जागा घेतली होती. भाडं असं की सारंगच्या पगाराचा निम्मा भाग पहिल्या तारखेलाच गायब. पण मालकीणबाई नोंदणीला सही देत होत्या म्हणून गप्प बसलो. भाडं घेऊन सही न देणारेही भेटले. शिवाय "मी सध्या लंडनला आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरिअरने येईल" अशी प्रेमळ ईमेलं. त्यांना मी पुणेरी बाण्याने उत्तरच दिलं नाही.

जाहिराती वाचायला शिकण्यात काही दिवस गेले. 'दोन खोल्या' म्हणजे हॉल धरून दोन, म्हणजे आपला वन बीएचके. भाडं दोन प्रकारचं, 'थंड' आणि 'गरम'. थंड म्हणजे नुसत्या जागेचं, गरम म्हणजे पाणी, कचरा, जिन्याची सफाई आणि बहुधा हीटिंगही धरून. वीज त्याहून वेगळी. सुख एकच. २०१५ पासून कायदा असा आहे की एजंट ज्याने बोलावला त्यानेच त्याचे पैसे द्यायचे. महिन्याचं भाडं ब्रोकरच्या खिशात घालायचं दुःख इथे नाही.

आता जागा बघायला जाणं म्हणजे काय ते ऐक. वेडिंग नावाच्या भागात एक जुनी इमारत. रस्त्यावरची बाजू देखणी, नक्षीची. बघायची जागा मात्र मागच्या इमारतीत. एकोणिसाव्या शतकात कामगारांसाठी अशी एकामागे एक घरं बांधली, मध्ये वाड्याच्या चौकासारखं अंगण सोडून. तेव्हाचा नियम म्हणे एवढाच, की अंगण ५.३४ मीटर लांब-रुंद हवं, आगीचा बंब वळवता आला पाहिजे. माणसाला ऊन मिळतं का, हे नियमात नव्हतं. त्या अंगणापासून चौथ्या मजल्यापर्यंत जिन्यावर रांग. सगळ्यांच्या हातात फाइली. माझ्या पुढच्या जोडप्याने फाइलीच्या पहिल्या पानावर स्वतःचा आणि कुत्र्याचा हसरा फोटो लावला होता. मागची मुलगी ओठ हलवत जर्मन वाक्यं पाठ करत होती. एजंटने पाच-पाच जणांना आत सोडलं. सारंग खिडक्या उघडून बघतोय, मी नळ सोडून बघतेय, आणि बाकीचे घराकडे न बघता एजंटशी हसून बोलतायत. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की आपण घर बघायला आलेलो नाही, आपल्याला बघायला बोलावलंय. कांदेपोहे तेवढे नव्हते.

मग आम्हीही स्थळासारखं पत्र तयार केलं. शांत स्वभावाचं जोडपं, धूम्रपान नाही, प्राणी नाहीत, वाद्य वाजवत नाही. शेवटच्या ओळीला सारंगने माझ्याकडे असं बघितलं की विचारू नकोस. तबला-डग्गा तेव्हा कपाटात रजईखाली होता.

पण मला खरं लागलं ते एका फॉर्ममध्ये. स्वतःची माहिती लिहायचा छापील कागद असतो, दोन रकाने, अर्जदार एक आणि अर्जदार दोन. व्यवसाय, नोकरी कुणाकडे, निव्वळ उत्पन्न. निव्वळ उत्पन्न भाड्याच्या तिप्पट असावं असा अलिखित संकेत आहे, आणि सारंगची नोकरी अजून प्रोबेशनवर. माझ्या रकान्यात मी काय लिहू? नऊ वर्षं लोकांचे ताळेबंद जुळवले, आणि इथे रेघ मारली. सारंग म्हणाला, "भाषा शिकतेय, असं लिही ना." मी म्हटलं, उत्पन्नाच्या रकान्यात? त्या रात्री आम्ही भांडलो. घरावरून नाही, कोण कोणासाठी आलं यावरून. ते आता मिटलंय, तू आईला बोलू नकोस.

माझ्या जर्मनच्या बाई मात्र मला भारी वाटतात. वर्गात एकदा मी वैतागून विचारलं, एवढ्या मोठ्या शहरात घरं जातात कुठे? त्या म्हणाल्या, "माझ्याकडे आहे की एक." मुलं केव्हाच बाहेर पडली, तीन खोल्यांत त्या एकट्या. लहान जागेत का जात नाही? तर आजच्या दराने लहान जागेचं भाडं या जुन्या मोठ्या जागेपेक्षा जास्त पडेल. इथे आपल्यासारखा अकरा महिन्यांचा करार नसतो. साधा करार बेमुदत. भाडेकरूने तीन महिन्यांची नोटीस देऊन जावं, मालकाला मात्र कायद्यात बसणारं कारण दाखवल्याशिवाय काढता येत नाही. दहातली आठाहून जास्त घरं भाड्याने राहणाऱ्यांची, आणि आत असलेला हलत नाही. २०२१ मध्ये तर बर्लिनकरांनी सार्वमतात, तीन हजारांहून जास्त घरं असलेल्या कंपन्यांची घरं सरकारने ताब्यात घ्यावीत असा कौल दिला. घरं अजून कंपन्यांकडेच आहेत. जिन्यावर उभी असताना मी या कायद्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. आता करारावर सही झाली, आणि मी त्यांची कट्टर समर्थक झाले. माणूस मेला असाच.

जागा शेवटी ओळखीनेच मिळाली. वर्गातल्या एका ब्राझिलियन मुलीची मैत्रीण शहर सोडून जात होती, नोटिशीच्या काळातलं भाडं वाचावं म्हणून तिला बदली भाडेकरू हवा होता. बघायची वेळ सकाळी अकराची, सारंग ऑफिसात. मी एकटीच गेले. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये तिच्याशी अर्धा तास बोलले, नंतर व्यवस्थापकाने बोलावलं तेव्हाही मीच पुढे. त्याने विचारलं, स्वयंपाक खूप करता का? मी म्हटलं, रोज, आणि खिडकी उघडून. तो हसला आणि करारातलं कलम दाखवलं. दिवसातून दोनदा खिडक्या सताड उघडून घर मोकळं करायचं, थंडीतही, नाहीतर भिंतींना बुरशी धरते. माझ्या फोडणीला कायद्याचा आधार मिळाला बघ.

डिपॉझिट थंड भाड्याच्या तिपटीपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि तीन हप्त्यांत देता येतं. ते आम्ही हप्त्यांनीच दिलं. स्वयंपाकघरात शेगडी आणि सिंक आहे, ही बर्लिनची कृपा. बाकी शहरांत पुष्कळदा नुसत्या भिंती आणि नळाचं तोंड मिळतं. छताला मात्र दिवे नव्हते, नुसत्या वायरी लोंबत होत्या. पहिली रात्र मोबाइलच्या टॉर्चवर वरणभात. शिलरपार्क जवळ आहे, आणि त्याला लागून ब्रूनो टाउट नावाच्या आर्किटेक्टने १९२० च्या दशकात बांधलेली वसाहत आहे, युनेस्कोच्या यादीतली. त्या अंधाऱ्या अंगणांना कंटाळलेल्या लोकांनी ऊन-वारा मिळावा म्हणून बांधलेली. रोज तिथून चालत जाते आणि कोणाच्या बाल्कनीत काय वाळत घातलंय ते बघते. ती जागा आपल्याला मिळणं शक्य नाही, सहकारी संस्थेची आहे.

तबला रजईतून बाहेर आलाय. रात्री दहाच्या आत, आणि रविवारी अजिबात नाही. खालच्या आजींनी अजून तक्रार केलेली नाही, पण जिन्यात भेटल्या की सारंगच्या बोटांकडे बघतात.

आता पत्त्याचं नीट वाच. इथे फ्लॅटला नंबर नसतो. पोस्टमन दारावरच्या आणि पेटीवरच्या आडनावावर चालतो, आडनाव नसेल तर पत्र परत. मी माझं आडनाव बदललं नाही याचं सासूबाईंना जेवढं वाटलं नसेल तेवढं पाटी करणाऱ्याला वाटलं, दोन्ही मावत नव्हती. बारीक अक्षरात बसवली. तर राखीचं पाकीट पाठवशील त्यावर दोन्ही लिही, आणि 'फ्लॅट नं.' वगैरे काही घालू नकोस.

तुमच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट कुठवर आलं? बिल्डरने भाडं द्यायला सुरुवात केली का, की अजून तारखाच? तेही सविस्तर लिही, फोनवर तूही कमी गाळत नाहीस.

तुझी,
केतकी