पिन ८ वर आता २०.४ व्होल्ट आहेत, काका

प्रिय काका,

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही मध्येच "व्होल्टेज काय म्हणतंय?" विचारता आणि विषय तिथेच संपतो. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर. व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्यांचा) गिटार अँप्लिफायर बांधायला बसलेल्या आणखी कुणाच्या कामी आलं तर येऊ दे.

मी बांधत होते ते ५ई३ सर्किट, फेंडर कंपनीच्या १९५५ ते १९६० मधल्या डिलक्स या गिटार अँपचं. स्पीकरला ताकद देणारे दोन ६व्ही६ व्हॉल्व्ह, एसीचं डीसी करणारा एक ५वाय३ रेक्टिफायर, पुढे सिग्नल वाढवणारे १२एवाय७ आणि १२एएक्स७. कागदावर बघितलं तर इतकं साधं की एका पानात मावतं. तुम्ही आयुष्यभर व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त केलेत, गिटार कधी हातात धरली नाहीत. तरी आराखडा पाहून म्हणालात, "हे तर ओळखीचं आहे, फक्त रेडिओचा भाग काढून टाकलाय." त्या वाक्याने मला केवढा धीर आला, ते तुम्हाला कधी सांगितलंच नाही.

सगळ्यात मोठं देणं पहिल्याच रविवारचं. बाकीचे व्हॉल्व्ह न लावता फक्त ५वाय३ बसवून, सिरीज बल्बमधून वीज दिली होती (आत काही चुकलं असेल तर बल्ब जोरात पेटतो). बल्ब मंद राहिला, डीसी आलं, मी खूश. प्लग काढला, चहूबाजूंनी फोटो काढले, आणि एक वायर जरा बाजूला सारावी म्हणून हात आत घालणार तेवढ्यात तुमचा फोन आला. तुम्ही विचारलंत, "पहिल्या फिल्टरवर मीटर लावलास?" फिल्टर म्हणजे डीसी सपाट करणारा, चार्ज साठवणारा कपॅसिटर. लावला. प्लग काढून दहा मिनिटं झाली होती आणि मीटरवर ३१० व्होल्ट होते.

तुम्ही रागावला नाहीत. शांतपणे समजावलंत की बाकीचे व्हॉल्व्ह नाहीत म्हणजे साठलेल्या चार्जला जायला वाटच नाही, तो तिथेच बसून राहणार. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडायची नाही, रेझिस्टरमधून हळूहळू उतरवायचा. मग कायमचा एक २२० के (किलोओहम), २ वॉटचा रेझिस्टर फिल्टरला समांतर लावून घेतलात. आता बंद केल्यावर मिनिटाभरात आकडा खाली येतो. तरीही मी प्रत्येक वेळी मीटर लावते. दुसरा हात पाठीमागे ठेवते, तुम्ही सांगितलंत तसाच.

मग ती लाल प्लेट. अँप वाजत होता, गोडही वाजत होता, पण रात्री दिवा मालवल्यावर दिसलं की एका ६व्ही६ ची प्लेट (आतला धातूचा पत्रा) विझत्या निखाऱ्यासारखी लाल झालीय. मी व्हॉल्व्हला दोष देऊन मोकळी झाले होते, नवी जोडी मागवायच्या बेतात होते. तुम्ही म्हणालात, "थांब. आधी पिन ८." पिन ८ म्हणजे व्हॉल्व्हचा कॅथोड. दोन्ही कॅथोड एकाच २५० ओहमच्या रेझिस्टरवर, त्यावर २० च्या आसपास व्होल्ट हवेत. माझ्याकडे २३. तुम्ही माझ्याकडूनच भागाकार करून घेतलात: ९२ मिलीअँपिअर. दोघांनी मिळून ८० च्या आसपास राहायला हवं होतं. "आता पिन ५." पिन ५ म्हणजे ग्रिड, प्रवाहाला आवर घालणारी जाळी. एका ग्रिडवर शून्य, दुसऱ्यावर अधिक ६ व्होल्ट. "दोन्ही ६व्ही६ उपसून ठेव आणि परत मोज." व्हॉल्व्ह नसतानाही ६ व्होल्ट तिथेच होते. व्हॉल्व्ह बिचारा निर्दोष होता. त्याच्या मागचा कपलिंग कपॅसिटर, ज्याने सिग्नल पुढे सोडून डीसी अडवायचं, तोच डीसी गळत होता.

तो कपॅसिटर मी मुद्दाम लावला होता. जुन्या रेडिओतून काढलेला, मेणकागदी. जुना आवाज हवा तर जुना माल हवा, असं मला मनापासून वाटत होतं. तुम्ही क्षणभर गप्प राहिलात आणि म्हणालात, "अगं, १९५५ साली तो नवाच असणार ना." त्यानंतर मी जुन्या मालाच्या मागे लागले नाही. नवे ०.१ मायक्रोफॅरडचे दोन झाळले, ग्रिडवर शून्य आलं, प्लेट पुन्हा काळी दिसायला लागली.

बदल करायची माझी घाई तुम्हाला ठाऊकच आहे. हंबकर (जोरदार सिग्नल देणारा पिकअप) असलेल्या गिटारवर आवाज चढवला की खर्जाच्या तारा फसफसायच्या, स्वर उमटायच्या आधीच तुटायचा. मला एकाच बैठकीत चार बदल करायचे होते, निगेटिव्ह फीडबॅकसुद्धा (बाहेर जाणारा थोडा सिग्नल उलटा करून परत आत देणं) घालायचा होता, जो या सर्किटमध्ये मुळात नाही. तुम्ही एकच बदल करू दिलात, आणि तोही आधी गुणाकार करायला लावून. ग्रिडवर जोराचा सिग्नल आला की कपॅसिटर चार्ज होतो आणि तो ग्रिडवरच्या २२० के रेझिस्टरमधून उतरेपर्यंत ६व्ही६ गप्प पडतो. ०.१ गुणिले २२० के म्हणजे २२ मिलीसेकंद. ०.०२२ लावला तर ५ च्या आत. लावला. फोन खुर्चीवर स्पीकरसमोर ठेवायला लावून सगळ्यात जाड तार मोकळी छेडायला सांगितलीत, पाच-सहा वेळा. शेवटी म्हणालात, "आता श्वास घेतोय."

खरंच घेतोय. जोरात कॉर्ड मारली की ५वाय३ मुळे व्होल्टेज किंचित दबतं, स्वर आधी मागे सरतो आणि मग फुलत वर येतो. न वापरलेल्या चॅनलचा व्हॉल्यूम फिरवला तरी वापरातल्या चॅनलचा रंग बदलतो. हा दोष म्हणून मी काढून टाकणार होते. तुम्ही म्हणालात, "महिनाभर वाजव, मग ठरव." आता तो माझा सगळ्यात आवडता नॉब आहे.

मागच्या फळीच्या आतल्या बाजूला मी एक कागद चिकटवलाय. तुम्ही फोनवर सांगितलेले आकडे एका रकान्यात, माझे शेजारी, तारखेसह. सहा महिन्यांनी परत मोज म्हणाला होतात. आज सकाळी मोजलं: पिन ८ वर २०.४, दोन्ही पिन ५ वर शून्य.

तुमची,
'आधी पिन ८' वाली

ता. क. रविवारी फोन करते. जाड तार मोकळी छेडून ऐकवते.