दादाच्या खोलीबद्दल

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की आई दुसरंच काहीतरी बोलायला लागते आणि बाबा, तुम्ही फोन तिच्या हातात देता. म्हणून लिहितेय. दादाची खोली आता तुमची झोपायची खोली करायची, असं मी ठरवलंय. सुताराशी बोलून झालंय. पुढच्या महिन्यात मी स्वतः येऊन, समोर उभी राहून सगळं करून घेणार आहे.

लगेच नाही म्हणू नका. आधी पूर्ण वाचा.

बाबा, जिन्यावर पाय घसरला तेव्हा थोडक्यात निभावलं. तुम्ही रात्री दोन-तीनदा उठता, दिवा लावला तर आईची झोपमोड होईल म्हणून अंधारात चाचपडत जाता. आईचे गुडघे जिना चढताना काय म्हणतात ते ती सांगत नाही, पण कठडा किती घट्ट धरते ते मी पाहिलंय. खाली दुसरी खोली नाही. बाहेरच्या खोलीत पलंग टाकायचाही विचार करून पाहिला, पण मग आईला दुपारी निवांत पाठ टेकता येणार नाही. माझ्याकडे या म्हटलं तर तुम्ही येणार नाही, आणि का येणार नाही ते मला कळतं. मग उरते तीच खोली. बाथरूम लागून आहे, सकाळचं ऊन येतं, उंबरठासुद्धा नाही. कितीदा तरी उलटसुलट विचार केला, शेवटी तिथेच येऊन थांबले.

आई, तू ती खोली रोज झाडतेस, वस्तू होत्या तिथेच ठेवतेस. त्यातलं काही मी टाकून देणार नाही. दुर्बीण खिडकीजवळच राहील. बाबा, तिचा लाकडी स्टँड तुम्ही आणि दादाने मिळून केलात, तो हलवायचा माझा विचार नाही. तुम्ही दोघं दुर्बिणीचा आरसा घासत होतात, ते दिवस मला अजून ऐकू येतात. काचेच्या दोन चकत्या, मधे काच घासायच्या कार्बोरंडमची ओली पूड आणि तासन्‌तास चालणारी खरखर. दादा पिंपाभोवती एकेक पाऊल सरकत घासायचा, तुम्ही मधेच पाणी शिंपडायचात. पूड बारीक होत गेली तसा आवाजही बारीक होत गेला. आरशाच्या वक्रतेत मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढीही चूक चालत नाही, हे त्याने मला सांगितलं तेव्हा मला ते खरंच वाटलं नव्हतं. तुम्ही दोघं दिवसभरात चार वाक्यंही बोलत नव्हता, आणि तरी त्या दिवसांइतके खूश मी तुम्हाला क्वचितच पाहिलेत.

लोक म्हणायचे, हा मुलगा बोलत का नाही. तू काळजी करायचीस. पण आई, तो गप्प होता, रिकामा नव्हता. गजराचं घड्याळ त्याने उघडून पुन्हा जोडलं होतं ना, ते आधीपेक्षा चांगलं चालायला लागलं म्हणून तूच सगळ्यांना सांगत होतीस.

मला त्याची एक रात्र पुरी आठवते, कारण त्या रात्री तो सलग बोलत होता. गच्चीवर, टॉर्चला लाल कागद गुंडाळून, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे बिघडू नयेत. ययाती तारकासमूहातला अल्गोल दाखवत होता. हा तारा दर 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी फिका होतो, कारण ते एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे आहेत आणि त्यातला मंद तारा तेजस्वी ताऱ्याच्या पुढे येऊन त्याला झाकतो. हे पहिल्यांदा मोजलं जॉन गुडरिकने. इंग्लंडातल्या यॉर्कमधला मुलगा, लहानपणीच्या आजारात ऐकू येईनासं झालेला. 1782 च्या नोव्हेंबरात त्याने अल्गोल फिका झालेला पाहिला, पुढच्या वर्षी त्याचा काळ आणि कारण लिहून रॉयल सोसायटीला कळवलं, आणि कोप्ली पदक मिळालं तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. त्याच्या त्या कल्पनेला ताऱ्याच्या प्रकाशाच्या वर्णपटातून पुरावा मिळायला 1889 उजाडलं. 1784 मध्ये त्याने वृषपर्वा समूहातला आणखी एक तारा शोधला, दर साधारण 5 दिवस 9 तासांनी तेज बदलणारा. त्याच जातीच्या ताऱ्यांवरून पुढे हेन्रिएटा लेविट या खगोलशास्त्रज्ञ बाईंनी ताऱ्यांचं अंतर मोजायची किल्ली दिली, आणि तीच किल्ली वापरून खगोलशास्त्रज्ञ हबलने देवयानी दीर्घिका आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे हे दाखवलं.

गुडरिक 1786 च्या एप्रिलमध्ये गेला. एकवीस वर्षांचा होता. आई, दादाने हे सगळं सांगताना एकदाही त्याला ‘बिचारा’ म्हटलं नाही. त्याला त्या मुलाचा हेवा वाटत होता. तू दादाबद्दल बोलताना ‘माझं बिचारं लेकरू’ म्हणतेस तेव्हा मी काही बोलत नाही, तुझं तुला म्हणू देते. पण त्याच्याकडे जे होतं तेही आठवत जा ना. रात्री अडीचला तो घरात यायचा तेव्हा हात गार, नाक लाल, आणि तू जागीच असायचीस. ‘दिसलं का रे?’ विचारायचीस. तो मान हलवायचा आणि तेवढ्यावरच तुला समजायचं.

त्याच्या वह्या मात्र मी घेऊन आलेय. तुम्हाला न विचारता नाही, बाबांना सांगितलं होतं. कुठलंही पान उघडा: तारीख, वेळ, ताऱ्याचं नाव, प्रत म्हणजे तेज किती ते, कोणत्या ताऱ्यांशी ताडून पाहिलं ते. अल्गोल पूर्ण तेजात असला की देवयानी तारकासमूहातल्या गॅमा ताऱ्याशी ताडलेला. जिथे काही दिसलं नाही तिथे ‘ढग’ एवढंच. अंदाजाने भरलेली एकही ओळ मला अजून सापडली नाही. अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स ही संस्था 1911 पासून जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या अशा नोंदी जपते, जुन्याही घेते. त्या रात्रीचा तारा आता परत कुणालाच बघता येणार नाही, म्हणून पाहिलेल्या माणसाची नोंद मोलाची. मी रात्री जेवण झाल्यावर थोड्या थोड्या उतरवून घेतेय. त्याचं अक्षर फार लहान आहे, चष्मा लावूनही वेळ लागतो, पण मला ते काम संपवायची घाई नाही. वह्या परत आणून तुमच्याकडेच ठेवीन, शब्द देते.

कपाटही तिथेच राहील. दाराच्या आतल्या बाजूला त्याने अल्गोलच्या वेळांचा तक्ता चिकटवलाय, दर वेळी साधारण तीन तासांनी अलीकडे सरकणारा. त्यावर रंग मारायचा नाही, हे मी सुताराला बजावलंय. आई, दोन कप्पे रिकामे करून तुझ्या साड्या तिथे ठेवू. नको वाटलं तर मी लहान कपाट आणते.

आता ऐका. मी येईपर्यंत कुणीही काहीही उचलायचं नाही, बाबा, विशेषतः तुम्ही. पलंग अशा उंचीचा करून घेतेय की बसलं की पाय जमिनीला टेकतील. उठलात की ताडकन उभं राहायचं नाही, आधी काठावर मिनिटभर बसायचं. बाथरूममध्ये दोन दांड्या बसतील, न घसरणारी चटई येईल, पलंगापासून दारापर्यंत रात्रभर बारीक दिवा राहील. त्याच्या उजेडात आईला झोप येत नसेल तर सांगा, खाली जमिनीलगत लावू. जुने पायपुसणे काढून टाका, ते आजच काढा. रक्तदाबाची गोळी बरं वाटतंय म्हणून चुकवायची नाही. आई, तू बाबांची आठवण ठेवतेस आणि स्वतःची विसरतेस, दोघांच्या डब्या शेजारी ठेव.

आणि दुर्बिणीच्या आरशाला फडकं लावू नकोस. मुलामा काचेच्या पुढच्या बाजूला असतो, पुसलं की ओरखडे पडतात. झाकण घालून ठेव, धूळ बसली तरी चालेल.

वह्यांमधलं काही वाचून दाखवू का, रविवारी फोनवर? आई, तू हो म्हणालीस तरच.

तुमची
धाकटी