सिंहगडच्या वाटेवरच्या ताकवाल्या मावशींना

मावशी,

हे पत्र तुमची नात तुम्हाला मोबाइलवर वाचून दाखवेल. तिनं आधीच बजावलंय, "ताई, मोठमोठे शब्द लिहू नका, आजी मधेच उठून जाते." तर सरळ सांगते. लेहची धावण्याची शर्यत झाली. पूर्ण केली. ७२ किलोमीटर, १३ तास २० मिनिटं. १४ तासांच्या आत यायचं होतं, म्हणजे अगदी दार लावता लावता आत शिरले.

फेब्रुवारीत पहिल्यांदा तुमच्यापुढे बसले ती आठवतेय का? आतकरवाडीच्या वाटेनं धावत चढायचं असा हट्ट, आणि तोंडावर साडेतीन हजारांचा काळा मास्क. त्यानं उंचावरच्या विरळ हवेची सवय होते असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं. तुम्ही ताक घुसळता घुसळता म्हणालात, "मळणीला बैलाला घालत्यात तसलं मुसकं कशाला घातलंयस, पोरी?" चव्वेचाळिसाव्या वर्षी मला पोरी म्हणणारं आता फारसं कोणी उरलेलं नाही, म्हणून राग आला नाही. नंतर वाचलं तेव्हा कळलं, तुमचंच खरं. मास्क नुसता श्वास अडवतो. हवेचा दाब कमी झाल्यावर शरीरात जे बदल होतात, ते त्यानं होत नाहीत. सिंहगडही समुद्रसपाटीपासून जेमतेम १,३०० मीटर. विरळ हवेची सवय तिकडे जाऊनच करावी लागते. इथे कमवायचे ते पाय.

आणि पाय तुम्ही दिलेत. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर दह्याच्या मडक्यांची पाटी, पायात झिजलेली स्लिपर, आणि तुम्ही मला मागे टाकून पुढे. मी धावायचे, थांबायचे, धापा टाकायचे, पुन्हा धावायचे. तुम्ही एकदाही थांबत नव्हता. त्या दिवसापासून मी तुमच्या मागून चालायला लागले. आखूड पाऊल, अख्खा तळवा दगडावर, मोठी पायरी आली की एक हात गुडघ्यावर. तुमचा नियम एकच: "तोंड मिटून जेवढं चालवतंय तेवढंच चाल. तोंड उघडलं की पाऊल कमी कर." माझ्या महागड्या घड्याळात हृदयाचे ठोके दिसतात, पण ते बघेपर्यंत उशीर झालेला असायचा.

जुलैत शेवाळावरून घसरून घोटा मुरगळला. तुम्ही आंबेहळद उगाळून लावलीत आणि नातवाला हाक मारून मला खाली पोचवलंत. दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला, हाड शाबूत होतं. तीन आठवडे बसून होते, चिडचिड करत. घरच्यांना विचारा.

लेहला दहा दिवस आधी गेले. ते गावच ३,५०० मीटरवर. पहिले दोन दिवस जिना चढला तरी डोकं ठणकायचं, रात्री श्वास मधेच अडकल्यासारखा होऊन जाग यायची. डॉक्टर म्हणाले, बहुतेकांना होतं, पाणी प्या आणि घाई करू नका. तुमचंच वाक्य, फक्त फी घेऊन.

आदल्या दिवशी आम्हाला खार्दुंग गावात नेऊन ठेवलं. पहाटे तीनला, कपाळावर दिवे बांधून सुटलो. तिथून खार्दुंग ला खिंडीपर्यंत ३२ किलोमीटर चढच चढ. खिंडीतल्या पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं. खरी उंची साडेसतरा हजारांच्या थोडी वर, पण तिथे उभं राहून हिशोब घालायची ताकद कोणात असते? एका श्वासात पुण्याच्या जवळपास निम्माच ऑक्सिजन. खिंडीच्या अलीकडे, उत्तर पुल्लू चौकीच्या पुढे, माझ्या शेजारचा तरणा मुलगा धावायचा, वाकून उभा राहायचा, पुन्हा धावायचा. मला फेब्रुवारीतली मी दिसले. त्याला म्हटलं, "तोंड मीट. मिटत नसेल तर हळू चल." तो हसला नाही, पण हळू झाला. मग बराच वेळ बरोबर होतो, आखूड पावलं टाकत, न बोलता. बोलायला तोंड उघडावं लागलं असतं ना.

खिंडीनंतर ४० किलोमीटर उतार. लोकांना वाटतं उतार म्हणजे आराम. या बाजूच्या दक्षिण पुल्लू चौकीच्या खाली मांड्या अशा पेटल्या की उलटं चालावंसं वाटत होतं. गडाच्या पुणे दरवाज्यापासून खाली पळत येताना तुम्ही ओरडायचात, "टाच रोवू नको, गुडघं जातील!" ते कानात घेऊनच लेहपर्यंत आले.

शनिवारी येते, पायवाटेनंच. लडाखचे जर्दाळू आणलेत. आतली बी फोडून बघायची, गोड निघाली तर बदामासारखी लागते; कडू निघाली तर टाकून द्यायची. आणि दुखऱ्या पायाच्या दिवसांतल्या ताकाचे पैसे तुम्ही घेतले नव्हते, ते मी मांडून ठेवलेत. सात ग्लास. या वेळी हात झटकायचा नाही.

तुमची,
मुसकंवाली पोरगी