ओल झाकू नका, आधी शोधा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या तोंडावर आपल्या रविवार पुरवणीत घरच्या घरी करायच्या दुरुस्तीवर पानभर मजकूर आला. नळाचा वॉशर बदलणे, कुरकुरणाऱ्या बिजागरीला तेल देणे, भिंतीत स्क्रू पक्का बसवणे, सगळे नीट लिहिले होते. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळायची, उलट गुंडाळली तर नळ फिरवताना ती सुटून येते, हेसुद्धा होते. ते बहुतेक जण सांगायचे विसरतात. ‘पुरुषमंडळींनी रविवारची दुपार सत्कारणी लावावी’ या वाक्याकडे मी काणाडोळा केला. आमच्या घरात पकड, पाना, डिसमिस आणि थापी कुठे ठेवली आहे हे फक्त मला माहीत असते.

पत्र लिहायला बसले ते खालच्या चौकटीमुळे. ‘भिंतीला ओल आली असल्यास पोपडे खरवडा, वॉटरप्रूफ पुट्टीचे दोन हात मारा, वर प्लास्टिक पेंट लावा, भिंत नव्यासारखी.’ दिवाळीत दिसेल नव्यासारखी. होळीपर्यंत फुगेल. आणि आपल्या वडोदऱ्यात दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, वाडी या भागांतल्या जुन्या घरांत कोणी हा सल्ला मानला, तर नुसता रंग जाऊन भागणार नाही.

मी दांडिया बाजारात राहते. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून इथेच. नोकरी एका शाळेच्या प्रयोगशाळेत केली, रसायनशास्त्राची बाटली आणि बर्नर सांभाळण्याची. त्यामुळे चुना म्हणजे काय हे मला पान खाणाऱ्यांपेक्षा थोडे जास्त कळते. आमचे घर सागवानी खांब-तुळयांचे, भिंती जाड विटांच्या, दर्जा (म्हणजे विटांमधले सांधे) आणि गिलावा चुन्याचा. अशी भिंत पाणी अडवत नाही. थोडे पाणी ती आत घेते आणि कोरड्या दिवसांत हवेला परत देते. जमिनीतले पाणी विटांच्या बारीक छिद्रांतून वर चढते, साधारण कमरेएवढे, आणि तिथून वाळून जाते. हे चक्र चालू आहे तोवर भिंतीला काही होत नाही. त्यावर सिमेंटचा गिलावा किंवा प्लास्टिक पेंट चढवला, की पाण्याची बाहेर पडायची वाट बंद होते. पाणी थांबत नाही, नुसते आणखी वर चढते. सोबत विटांतले आणि मातीतले क्षार नेते, ते रंगामागे जमून स्फटिक धरतात आणि आतून गिलावा उकलतात. यालाच आपण भिंतीला लोणा लागला म्हणतो. पुट्टीने लोणा बरा होत नाही.

म्हणून पहिले काम खरवडण्याचे नाही, ओल येते कुठून ते शोधण्याचे आहे. आणि हे काम खरोखर घरच्या घरी, बिनखर्चाने करता येते. आपल्या पानावर नेमके तेच नव्हते.

आमच्या मधल्या खोलीत, शेजाऱ्यांशी सामायिक असलेल्या भिंतीवर, छातीच्या उंचीला एक डाग होता. जमिनीतली ओल असती तर खालून सलग वर आली असती. हा डाग मध्येच, अधांतरी. घरी आलेल्या प्रत्येकाचे मत वेगळे. रंगारी म्हणाला केमिकल मारू. कडिया, म्हणजे गवंडी, म्हणाला अख्खी भिंत सिमेंटने करून देतो. मी आधी प्लास्टिकच्या पिशवीचा हातभर तुकडा कापून चारी कडांनी चिकटपट्टीने डागावर चिकटवला. एक-दोन दिवसांनी थेंब प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतून येते. खोलीकडच्या बाजूला असतील तर ती खोलीतली दमट हवा आहे. तेव्हा भिंतीला नव्हे, खिडकीला हात घालायचा. आमचे थेंब आतल्या बाजूला होते.

मग पेन्सिल घेतली. डागाची कड जिथे होती तिथे बारीक रेघ ओढली आणि शेजारी तारीख लिहिली. पुन्हा काही दिवसांनी नवी कड, नवी तारीख. रात्री सगळे नळ बंद करून गच्चीवरच्या टाकीत पाण्याच्या पातळीवर खडूने खूण केली. सकाळी पातळी तिथेच, म्हणजे आमची पाइपलाइन गळत नव्हती. राहिली भिंतीपलीकडची मोरी. शेजारच्या बेन समंजस. त्यांना पेन्सिलच्या रेघा दाखवल्या, तर म्हणाल्या, आम्ही आठवडाभर भांडी मागच्या चौकात घासतो, तुम्ही बघा. रेघा आत सरकू लागल्या. एकातली एक, आकसत जाणाऱ्या, प्रत्येकीवर तारीख. त्यांच्या मोरीच्या सांडपाण्याच्या पाइपचा एक सांधा भिंतीत उघडा पडला होता. प्लंबरचे पैसे अर्धे-अर्धे दिले. कोणाची भिंत, कोणाचे पाणी असा वाद घालण्याची वेळच आली नाही, कारण पुरावा भिंतीवर लिहिलेला होता. जुन्या घरांतली निम्मी भांडणे या एका पेन्सिलीने मिटतील असे माझे मत आहे. बाकीच्या निम्म्यांना वकीलच लागतील.

गळती थांबली तरी भिंत लगेच रंगवायची नाही, हे आपल्या वाचकांना ठळक अक्षरात सांगा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीने शहरात हाहाकार केला तेव्हा समा भागात माझ्या नणंदेच्या तळमजल्यात पाणी शिरले. पाणी ओसरले, गाळ काढला, आणि दोन महिन्यांवर दिवाळी. सोसायटीत रंगाचे डबे आले. पुरात भिजलेली विटांची भिंत वाळायला कित्येक महिने लागतात, पुढचा उन्हाळा लागतो. वन्सं म्हणाल्या, लक्ष्मीपूजनाला अशा भिंती कशा ठेवायच्या? मी म्हटले, चुन्याची सफेदी करा, ती भिंतीला श्वास घेऊ देते. महागडा रंग उन्हाळ्यानंतर. त्यांनी ऐकले. आजूबाजूच्या दोन-चार घरांत फुगे आले.

आता चुन्याबद्दल, कारण हल्ली तो फक्त झाडांच्या बुंध्याला लावतात. कळीचा, म्हणजे न भिजवलेला, चुना भिजवताना उकळ्या फुटतात, वाफ निघते, ही प्रक्रिया भयंकर उष्णता देते. चुना पाण्यात थोडा थोडा टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचे नाही. लोखंडी बादली घ्या. अॅल्युमिनियमचे भांडे तर मुळीच नको, चुना त्याला खातो आणि हायड्रोजन सुटतो. डोळे पूर्ण झाकणारा चष्मा, हातात रबरी मोजे, पोरेबाळे लांब. डोळ्यात उडाला तर भरपूर स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे धुवत राहायचे आणि तडक डॉक्टर गाठायचा. हे मी शाळेत मुलांना वर्षानुवर्षे सांगत आले आणि मोठी माणसे मात्र ‘चुनाच तर आहे’ म्हणून उघड्या हाताने कालवतात. ज्यांना हे झंझट नको त्यांनी भिजवलेला तयार चुना आणावा.

गिलाव्यासाठी ओल चढली असेल त्याच्या वर वीतभर तरी जुना सुटलेला थर काढायचा, दर्जांतला भुसभुशीत चुना खरवडायचा, ब्रशने झाडायचा, भिंत पाण्याने शिंपडायची. एक भाग चुना, तीन भाग चाळलेली वाळू. ओलसर जागी त्यात विटांचा बारीक चुरा, म्हणजे सुरखी घातली की माल पाण्यातही घट्ट होतो. एकदम जाड थापायचा नाही, बोटाएवढा एक थर, तो आवळला की दुसरा. उन्हात करू नये, आणि काही दिवस ओलसर ठेवावा. चुना सिमेंटसारखा रात्रीत दगड होत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत सावकाश पुन्हा चुनखडी होतो. घाई असलेल्यांचे हे काम नाही.

सफेदीतली एक गोष्ट मात्र नवख्याला हमखास फसवते. ताकाएवढा पातळ, कापडातून गाळलेला, जरासा डिंक घातलेला चुना ब्रशने लावला की भिंत तशीच मळकी दिसते, जणू पाणीच फासले. माणूस घाबरून दाट करतो, मग तो पुढे पावडर होऊन हाताला लागतो. थांबायचे. वाळताना तो पांढरा उमलतो, दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. पातळ तीन-चार हात, प्रत्येकामध्ये एक दिवस. माझ्या नातीला हाच भाग सगळ्यात आवडला. ती शाळेत जायच्या आधी भिंत बघून येत असे.

लाकडाबद्दल आपल्या पानावर एक ओळही नव्हती, आणि आमच्या भागात घर पडते ते लाकडामुळे. जुना खांब दगडी तळखड्यावर उभा असतो, मुद्दाम, जमिनीच्या ओलीपासून वर. हल्ली फरशा बसवताना मिस्त्री तळखड्याभोवती सिमेंट भरून जमीन सपाट करतो, दिसायला छान. मग खांबाचा पाय बंद सिमेंटच्या खोबणीत पाणी पीत राहतो. दर पावसाळ्यानंतर खांबाच्या बुडाशी डिसमिसचे टोक हाताने दाबून बघावे. धड सागवानात ते रुतत नाही. आमच्या ओळीतल्या एका घरात माझ्यासमोर ते केकमध्ये सुरी जावी तसे आत गेले, आणि बाहेरून खांबाला ताजा वार्निश. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवी. तपासणी आपण करावी. खांबाला टेकू लावणे, तुळई बदलणे हे अनुभवी सुताराचे आणि अभियंत्याचे काम, त्यात रविवारची हौस चालत नाही.

तसेच विजेचे. आपण ‘स्विचबोर्ड स्वतः बदला’ असे लिहिले आहे. बल्ब, प्लग, टेबलपंख्याची वायर इथपर्यंत मेन बंद करून ठीक. ओल असलेल्या भिंतीतला बोर्ड उघडायचा नाही, परवानाधारक माणूस बोलवायचा. घरच्यांनी करायचे काम दुसरे: मेनबोर्डवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, आहे का ते बघणे, नसेल तर बसवून घेणे, आणि महिन्यातून एकदा त्याचे ‘टी’ लिहिलेले बटण दाबणे. दाबल्यावर खटकन वीज गेली पाहिजे. एमसीबी तारा वाचवतो, माणसाला शॉकपासून वाचवतो तो आरसीसीबी. पुष्कळांना दोन्ही एकच वाटतात.

शेवटी एक मागणी, जी पुरवणीच्या पानावर मावणार नाही, अग्रलेखात मावेल. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी या शहरात कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली, त्रिभुवनदास गज्जर पहिले प्रमुख. हाताने काम करणाऱ्याला शास्त्र आणि शास्त्र शिकणाऱ्याला हत्यार, असा तो विचार होता. दादासाहेब फाळकेही तिथे शिकले. माझ्या आजेसासऱ्यांचा रंधा तिथल्या सुतारकामाच्या शिक्षणातला, त्याने अजून दाराची कड साफ होते. ती संस्था आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रशास्त्र शाखा आहे. तिथल्या कार्यशाळा संध्याकाळी रिकाम्या असतील, तर जुन्या घरांत राहणाऱ्या नागरिकांसाठी चुना, लाकूड आणि नळकाम यांचे लहान वर्ग तिथे का चालू नयेत? मराठी, गुजराती दोन्हींत. वयाची अट नको, आणि ‘महिलांसाठी वेगळी बॅच’ हा प्रकार तर नकोच. शहरात चुन्याचे काम येणारे जुने कडिये अजून आहेत, त्यांना मानधन देऊन शिकवायला बोलवा. त्यांच्या मुलांनी ते काम सोडले आहे.

तोवर किमान पुढच्या रविवारी पुट्टीच्या त्या चौकटीची दुरुस्ती छापावी. लोक आत्ताच डबे विकत घेत आहेत. पेन्सिलच्या रेघांच्या भिंतीचा फोटो हवा असल्यास पाठवते. रेघा अजून पुसलेल्या नाहीत, नातीने पुसू दिल्या नाहीत.

कळावे.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक
दांडिया बाजार, वडोदरा