बारा तारांचे रूफटॉप सिंगर्स

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

बारा तारांची गिटार घेतलीस आणि पहिलंच गाणं रूफटॉप सिंगर्सचं 'वॉक राइट इन' बसवायला काढलंस, फार छान केलंस. त्या गाण्याचा सगळा जीव गिटारच्या आवाजात आहे. म्हणून आधी माणसांबद्दल लिहितो, मग तारांकडे वळतो.

एरिक डार्लिंग १९५८ साली गायक पीट सीगरच्या जागी 'वीव्हर्स' या अमेरिकन लोकगीतांच्या ग्रुपमध्ये आला आणि १९६२ मध्ये बाहेर पडला. बिल स्वॅनो आणि लिन टेलर यांना घेऊन त्याने रूफटॉप सिंगर्स हा ग्रुप उभा केला, तो मुळात हे एक गाणं करण्यासाठी. गाणं होतं मेम्फिसच्या गस कॅननचं, त्याच्या 'जग स्टॉम्पर्स' या ग्रुपने १९२९ मध्ये रेकॉर्ड केलेलं. कॅनन गळ्यातल्या पट्ट्याला 'जग' (म्हणजे पाण्याचा जग, वाद्यासारखा) अडकवून तो फुंकायचा आणि हाताने बँजो वाजवायचा. डार्लिंगने जग काढून टाकला, बँजोही काढला आणि त्या जागी बारा तारांच्या दोन गिटारी एकदम ठेवल्या. गिब्सन या गिटार बनवणाऱ्या कंपनीकडे ऑर्डर दिली. पण स्वॅनो डावखुरा, त्याच्यासाठी डाव्या हाताची गिटार मुद्दाम बनवून घ्यावी लागली आणि ती येईपर्यंत रेकॉर्डिंग थांबलं. मला ही थांबण्याची गोष्ट फार मोलाची वाटते. एका गिटारवर भागवलं असतं, तर तो भरलेला, किणकिणता ठेका आलाच नसता. वर लिनचा आवाज. ती बेनी गुडमन आणि बडी रिच यांच्या वाद्यवृंदांत गायलेली जॅझची गायिका, त्यामुळे सूर अगदी मोकळा आणि शब्द तालाच्या किंचित मागे.

व्हॅनगार्ड कंपनीने काढलेली ही रेकॉर्ड जानेवारी १९६३ च्या अखेरीस बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिली आली आणि दोन आठवडे तिथेच राहिली. पुढचं 'टॉम कॅट' विसाव्या क्रमांकापर्यंत पोचलं, त्यानंतर उतरणच. लिन गेली, तिच्या जागी मिंडी स्टुअर्ट आणि मग पॅट्रिशिया स्ट्रीट आल्या. १९६७ मध्ये ग्रुप बंद. माझ्या मते त्यांचं भांडवल म्हणजे तो एक आवाज. १९६५ मध्ये 'बर्ड्‌स' या रॉक ग्रुपने बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार गाजवली आणि लोकांचे कान तिकडे वळले. चांगलं एवढंच झालं की ऐंशीच्या घरात आलेल्या कॅननला या गाण्यामुळे पुन्हा विचारणा झाली आणि १९६३ मध्येच स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीने त्याची एलपी काढली.

आता तुझी गिटार. बारा तारा सहा जोड्यांत असतात. खर्जाकडच्या चार जोड्यांत (ई, ए, डी, जी) एक तार जाड आणि दुसरी तिच्या वरच्या सप्तकातली. बी आणि वरची ई या जोड्या एकाच सुराच्या. नेहमीच्या सुरात लावलीस तर एकूण ताण शंभर किलोच्या वर जातो, आणि कालांतराने ब्रिजमागचं (तारा अडकवायच्या पट्टीमागचं) लाकूड फुगतं किंवा ब्रिजच उचलतो. म्हणून सगळ्या तारा एक पूर्ण सूर खाली लाव (डी, जी, सी, एफ, ए, डी) आणि कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) दुसऱ्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्टीजवळ) टाक. ताण साधारण एक पंचमांशाने कमी होतो. कॅपो फ्रेटला चिकटून, सरळ बसव. तिरका बसला की जाड तार ताणली जाते आणि शेजारची बारीक तार सैल दबून झणझणते. कॅपो टाकल्यावर सूर पुन्हा तपास.

सारखी तुटेल ती 'जी' सुराच्या जोडीतली बारीक तार, ०.००८ किंवा ०.००९ इंचाची. ती सगळ्यांत उंच सुरात असते, वरच्या ईपेक्षाही उंच. जाड तार लावून उपयोग नाही, कारण त्याच लांबीवर तोच सूर आणायला जाड तारेला ताणही त्याच प्रमाणात जास्त लागतो. एक सूर खाली लावणं हाच उपाय. आणि तीन-चार जादा तारा पिशवीत असू देत.

जोड्या लावताना आधी सगळ्या जाड तारा सुरात आण, मग बारीक. एका सुराची जोडी तंबोऱ्याच्या जोडीसारखी कानाने लाव, सूर न जुळल्याने ऐकू येणाऱ्या लहरी पूर्ण थांबेपर्यंत. ट्यूनरचा हिरवा दिवा इथे पुरत नाही.

कॉर्ड्स सी, ए७, डी७, जी७ अशा फिरतात. पिक मऊ घे. दुसरा गिटारवाला मिळाला तर दोघं तेच वाजवा, फक्त एकाने कॅपो वर नेऊन, बोटांच्या वेगळ्या मांडणीत. पावसाळ्यात मात्र गिटार केसमध्ये सिलिका जेल टाकून ठेव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीधर