पडलेल्या स्वारासाठी कोण धावणार?

मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

साहेब, मी शहादा तालुक्यातला चाबूकस्वार. घोड्याला रेवाल चाल, म्हणजे स्वाराला हादरा न देणारी संथ-सफाईदार चाल, बसवणं हा आमचा वडिलोपार्जित धंदा. सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा, तिथला घोडेबाजार, आमच्या घरात दिवाळीहून मोठी.

चार वर्षांपूर्वी तापीकाठच्या एका गावातल्या शर्यतीत माझा पुतण्या पडला. एकोणीस वर्षांचा पोर. घोडं अडखळलं आणि हा डोक्यावर आपटला. धावत आलेल्यांचा पहिला प्रश्न होता, "घोडाले लागनं नही ना?" त्यांना बोल लावत नाही, घोडं कर्ज काढून घेतलेलं असतं. पण रुग्णवाहिका नव्हती. पिकअपमध्ये गवताच्या पेंढ्यांवर निजवून नेला. आजही चालताना त्याचा तोल जातो.

त्याच्या उशाशी बसून मी मोबाइलवर इंग्लंडमधल्या अडथळ्यांच्या शर्यती बघायचो. ग्रँड नॅशनलमध्ये सुमारे सात किलोमीटरांत ३० उड्या. टोनी मॅकॉय सलग २० हंगाम अव्वल जॉकी राहिला, पण ही एक शर्यत त्याला २०१० साली, पंधराव्या खेपेला मिळाली. मधल्या काळात किती हाडं मोडली! तिथंही जॉकी पडतातच. मात्र घोड्यांच्या मागोमाग रुग्णवाहिका धावते, पडलेल्याला डॉक्टर तपासतो. डोक्याला मार बसला, तर डॉक्टरनं सोडल्याशिवाय पुन्हा खोगिरावर बसता येत नाही. हे सगळं आपोआप आलेलं नाही. काही महिन्यांच्या अंतरानं दोन जॉकी पडून कायमचे पांगळे झाले, तेव्हा १९६४ साली जखमी जॉकींसाठी निधी उभा राहिला. तो आजही चालू आहे.

आपल्याकडे २०२२ मध्ये दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा मिळाला, गोविंदांच्या विम्याचा विचार झाला. फार चांगलं झालं. तोच विचार घोड्यावरच्या पोरांचा करा. शर्यतीला परवानगी देताना घोड्याबरोबर स्वाराचंही नाव कागदावर येऊ द्या, त्याचा विमा उतरवा. डोक्यावर पक्कं हेल्मेट आणि मैदानात डॉक्टर व रुग्णवाहिका असल्याशिवाय शर्यत सुटू नये. शर्यती बंद करा असं मी म्हणत नाही. त्यावरच आमची चूल पेटते.

पुतण्याचा धाकटा भाऊ यंदा सोळाचा झाला. पहाटे घोडी फिरवायला माझ्याआधी उठतो. हात हलका आहे त्याचा, घोडं त्याचं ऐकतं. यंदा शर्यतीत उतरू का, असं विचारतोय. मी त्याला दत्तजयंतीपर्यंत थांब म्हटलंय. त्याआधी आपलं उत्तर यावं, ही विनंती.

आपला,
एक चाबूकस्वार
ता. शहादा, जि. नंदुरबार